160 एकर आणि दोन साक्षीदार

अमेरिकेतल्या ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा वाचणाऱ्याला नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा ही नावं हळूहळू शेजारच्या तालुक्यांसारखी ओळखीची होतात. इतक्या कथा त्याच माळरानावर का घडतात, याचं उत्तर एका कायद्यात आहे. 20 मे 1862 रोजी लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली आणि 1 जानेवारी 1863 पासून तो लागू झाला. 160 एकर सरकारी जमीन. सुरुवातीला 10 डॉलर फी आणि 2 डॉलर कमिशन भरायचं, पाच वर्षं तिथं राहून जमीन कसायची, मग शेवटचे 6 डॉलर भरले की पट्टा नावावर. अर्जदार 21 वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा, अमेरिकेचा नागरिक किंवा नागरिक होऊ इच्छिणारा हवा, आणि त्यानं सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. अर्जदार पुरुषच हवा, असं मात्र कायदा कुठंही म्हणत नव्हता. अविवाहित मुलगी अर्ज करू शकत होती, विधवा करू शकत होती. नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला ती वाट बंद होती.

कथेचा अर्धा पाया इथंच घालून होतो. एका बाईनं स्वतःच्या नावावर जमीन धरली आहे, आणि शेजारच्या 160 एकरांवरचा माणूस तिला आवडू लागला आहे. दोघांचीही पाच वर्षं पुरी व्हायची आहेत. ज्याची जमीन त्यानं तिथंच राहायचं अशी अट, आणि नवराबायकोचं घर तर एकच. म्हणजे आज लग्न केलं तर एका जमिनीवर पाणी सोडायचं, आणि ती बहुधा तिचीच असणार. अशा वेळी बापाचा विरोध, हरवलेली चिठ्ठी, दाराआडून ऐकलेलं अर्धं वाक्य असल्या अडचणी ओढूनताणून आणायची गरजच उरत नाही. काळानंच गाठ मारून ठेवलेली असते.

या कथाप्रकाराचा वाचक निष्ठावान आहे आणि त्याच्या अपेक्षा पक्क्या आहेत. आजच्या रूपात हा प्रकार रुजला तो 1979 नंतर. त्या वर्षी मिनियापोलिसच्या एका ख्रिस्ती प्रकाशनानं माळरानावरच्या तडजोडीच्या लग्नाची कादंबरी काढली, ती अफाट खपली आणि मग रांगच लागली. हल्ली छोट्या कथा बहुतेक संग्रहांतून येतात. एका पुस्तकात चार ते नऊ कथा, प्रत्येकी साधारण वीस हजार शब्दांची. नाताळच्या सुमारास त्याहून लहानही निघतात. शयनगृहाचं दार वाचकाला बंद, भाषा घरात मोठ्यानं वाचता येईल अशी, शेवटी दोघं एकत्र येणार हे ठरलेलं. आणि एक नियम या सगळ्यांहून वरचा: दोघंही विश्वास ठेवणारे हवेत. बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या 6:14 या वचनात विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड नातं जोडू नये असं सांगितलं आहे, आणि ही सगळी कथापरंपरा ते वचन शब्दशः पाळते.

लहान कथा बहुतेक वेळा या नियमापाशीच कोसळते. नायक देवाला मानत नाही, नायिका मानते. सहा प्रसंगांत तो तिच्या प्रेमात पडायचा आणि सातव्यात गुडघे टेकायचा. वाचकाच्या मनात लगेच प्रश्न येतो की मुलीनं नकार दिला असता तर यानं प्रार्थना केली असती का? कादंबरीत यावर उपाय आहे: त्याचा पालट ती मिळण्याची आशा संपल्यावर घडवायचा, तिच्याशी संबंध नसलेल्या कारणानं. आठ हजार शब्दांत मात्र अनोळखीपणापासून प्रेमापर्यंतचा आणि अविश्वासापासून विश्वासापर्यंतचा, असे दोन प्रवास मावत नाहीत. हजार-दीड हजार शब्दांचा एक प्रसंग धरला तर हाती पाच ते आठच प्रसंग येतात. म्हणून लहान कथेत दोघं आधीच ओळखीचे आणि दोघंही श्रद्धावान घ्यावेत, आणि पेच श्रद्धेच्या आतच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

तो कसा ठेवायचा, यासाठी पुन्हा होमस्टेड कायद्याकडेच जाऊ. पाच वर्षं संपली की दावेदारानं दोन भरवशाचे साक्षीदार आणून सिद्ध करायचं की आपण तिथं राहिलो आणि जमीन कसली. हे काम पाच वर्षं पुरी झाल्यावर दोन वर्षांच्या आत उरकायचं. मधल्या काळात सलग सहा महिन्यांहून अधिक जमीन सोडली होती असं सिद्ध झालं, तर ती सरकारजमा. आता समजा, आपली नायिका तिसऱ्या वर्षी ओहायोत मरणाला टेकलेल्या बहिणीजवळ सात महिने राहून आली आहे. शेजारी आहे दोनच मैलांवर. त्यानं तिची गाय सांभाळली, तिच्या घराचं छप्पर सावरलं, आणि ती किती दिवस नव्हती हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. पट्ट्याची वेळ आली आहे. त्यानं शपथेवर खोटं सांगितलं तर खोटी साक्ष देऊ नको ही देवाची नववी आज्ञा मोडते. खरं सांगितलं तर तिची जमीन जाते, आणि बेघर झालेली ती त्याच्याच दारात येण्याची शक्यता वाढते. म्हणजे त्याच्या खरेपणातही त्याचाच फायदा दडलेला आहे, आणि प्रामाणिक माणसाला तोच जास्त टोचणार.

इथं प्रेम, कायदा आणि देवाची आज्ञा तिन्ही एकाच गाठीत येतात. गाठ सोडवायची तर निर्णय त्याच्याकडून काढून तिच्याकडे द्यायचा. साक्षीदार निवडायचा हक्क तिचा आहे. खोटं बोलायला तयार असलेला दुसरा शेजारी तिला मिळू शकतो. तरीही ती याचंच नाव देते, हा खरंच सांगणार हे पक्कं ठाऊक असताना. या कथेत प्रेमाची कबुली इथंच झाली. पुढं वेगळा संवाद लिहूच नये. जमीन राहिली की गेली हे एका परिच्छेदात सांगून टाकावं. दोघं एकत्र येतील, एवढंच वाचकाला कबूल केलेलं असतं. जमिनीचं वचन कुणी दिलेलं नसतं.

फक्त वर्ष निवडताना सावध राहावं. तिच्या गैरहजेरीसाठी 1874 ची टोळधाड पकडण्याचा मोह होतो, कारण ती सगळ्यांनाच माहीत आहे. पण पीक टोळांनी खाल्लेल्या दावेदारांना जमिनीपासून दूर राहण्याची सवलत काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, त्याच वर्षी कायदा करून दिली होती. म्हणजे जिच्यावर कथा उभी, तीच अडचण कायद्यानं दूर केलेली. इतिहास जाणणारा वाचक तिसऱ्या पानावर पुस्तक मिटेल. बहिणीचं आजारपण म्हणूनच बरं. त्याला त्या काळी अशी सवलत नव्हती.

टोळधाडीची गोष्ट निघालीच आहे, तर प्रार्थनेबद्दल लिहायला तिच्याइतका चांगला दाखला दुसरा नाही. रॉकी पर्वताकडून येणारे हे टोळ 1873 ते 1877 या काळात थव्याथव्यानं उतरत. गहू, मका तर खातच. जमिनीत शिरून कांदे, सलगम कुरतडत, रोपं वाचवायला वर पसरलेली पांघरुणं खात, घामानं खारट झालेले अवजारांचे दांडे खात. चिरडलेल्या टोळांनी रूळ बुळबुळीत होऊन आगगाड्यांची चाकं जागच्या जागी फिरत. मिनेसोटात गव्हर्नर जॉन पिल्सबरी यांनी 26 एप्रिल 1877 हा दिवस राज्यभर प्रार्थनेचा म्हणून जाहीर केला. त्यानंतर हवा पालटली, गारठा आणि बर्फ पडला, आणि त्याच उन्हाळ्यात टोळ निघून गेले. कोल्ड स्प्रिंग गावाजवळच्या टेकडीवर कॅथलिक मंडळींनी त्या वर्षी नवसाचं चॅपेल बांधलं.

कच्चा लेखक हे जसंच्या तसं उचलतो: प्रार्थना झाली, टोळ गेले, लग्न लागलं. पण त्याच गव्हर्नरांनी सरकारी मदत द्यायला हात आखडता घेतला होता, कारण मदतीनं माणसं परावलंबी होतात असं त्यांचं मत होतं. घरात पीठ संपलेला शेतकरी त्या 26 एप्रिलला चर्चच्या बाकावर बसून काय म्हणत असेल? त्याला देवाचा राग आला असेल, की गव्हर्नरांचा? शेजारच्या बाकावर बसलेली, सलग चार वर्षं पीक गमावूनही उभी राहून गाणारी बाई त्याला वेडी वाटली असेल, की तिचा हेवा वाटला असेल? प्रार्थनेचं फळ हवामानात दाखवलं की कथा बातमीसारखी वाचली जाते. ते फळ माणसाच्या वागण्यात दिसावं: ज्यानं बियाण्याची शेवटची गोणी लपवून ठेवली होती, त्यानं ती अर्धी वाटली. हवामान मग काहीही होवो. माझ्या मते या साऱ्या कथाप्रकाराची कसोटी इथंच लागते, आणि छापून येणाऱ्या कथांपैकी पुष्कळ इथंच नापास होतात.

पंथांबद्दलही बहुतेक लेखक फार ढिले असतात. नुसतं "चर्च" म्हणून भागत नाही. 1844 मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत मेथडिस्ट मंडळी उत्तर-दक्षिण अशी फुटली. निमित्त होते जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू. त्यांच्याकडे गुलाम होते, काही वारशानं आलेले आणि काही त्यांच्याशी लग्न झालेल्या विधवेबरोबर आलेले. एका लग्नानं अख्खा पंथ दुभंगलेला असताना 1850 मधला ओहायोचा मेथडिस्ट मुलगा आणि टेनेसीची मेथडिस्ट मुलगी "आपण एकाच चर्चचे" असं म्हणूच शकत नाहीत. 1845 मध्ये बाप्टिस्टही फुटले. नॉर्वेहून आलेल्या लुथरनांमध्ये हौगे या धर्मप्रचारकाच्या अनुयायांना नाच, पत्ते, दारू वर्ज्य, तर नॉर्वेजियन सिनड या दुसऱ्या लुथरन मंडळीचे पाळक त्यांना अतिभाविक समजत. नॉर्वेतल्या एकाच फ्योर्डकाठच्या (खाडीकाठच्या) दोन घरांमध्ये मिनेसोटात येऊन सोयरीक अडू शकत होती. नाताळचंही तसंच. मॅसॅच्युसेट्सनं 1659 ते 1681 या काळात नाताळ साजरा करण्यावर दंड ठेवला होता, आणि प्युरिटन वळणाच्या घरांमध्ये ती नावड एकोणिसाव्या शतकातही बराच काळ टिकली. 1820 मधल्या न्यू इंग्लंडच्या पाळकाच्या घरात सजवलेलं झाड उभं केलेलं दिसलं की लेखकानं पुस्तक उघडलेलं नाही हे कळतं.

वस्तूंचं ज्ञान तर प्रत्येक पानावर उघडं पडतं. सर्वांत जास्त दिसणारी चूक बैलांची. पश्चिमेकडे जाणाऱ्या ओरेगॉनच्या वाटेवर नायक गाडीवर बसून बैलांचे लगाम हाती धरतो आणि शेजारी नायिका. बैलांना लगाम नसतात. हाकणारा त्यांच्या डाव्या बाजूनं पायी चालतो. गाडीचा खोका जेमतेम चार फूट रुंद, दहा-बारा फूट लांब, आणि तो पिठानं भरलेला. कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांनी 1859 मध्ये छापलेल्या प्रवासी मार्गदर्शकात माणशी 150 पौंड पीठ, 25 पौंड बेकन, 15 पौंड कॉफी आणि 25 पौंड साखर सांगितली आहे. चार माणसांचं कुटुंब धरा, गाडीत बसायला जागा कुठली? म्हातारी, आजारी माणसं आणि तान्ही मुलं सोडली तर सगळे दिवसाला बारा-पंधरा मैल चालत. म्हणून त्या वाटेवरच्या प्रेमाचे संवाद चालता-चालता, धुळीत, खांद्याला खांदा लावून होतात. कथेला हे किती सोयीचं आहे! चालणाऱ्या माणसांना एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून अवघड गोष्टी बोलता येतात.

माळरानावरच्या मातीच्या घराकडे जरा जवळून पाहावं. झाडं नाहीत, म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली जमीनच नांगरानं पट्ट्यापट्ट्यांनी कापायची: एक फूट रुंद, दोन-तीन फूट लांब, चार इंच जाड. विटा रचताना गवताची बाजू खाली. भिंती दोन-तीन फूट जाड होतात आणि पुढचे काही महिने खाली बसत राहतात. म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट सोडून तीत चिंध्या कोंबायच्या. नाहीतर भिंतीच्या भारानं काच फुटते. छप्पर दोन दिवसांच्या पावसानंतर आतून तिसऱ्या दिवशीही गळतं. आढ्याखाली मलमलीचं कापड ताणून बांधतात, म्हणजे माती आणि किडे ताटात पडत नाहीत. भिंतींच्या जाडीमुळे खिडकीत बसण्याइतकी रुंद जागा तयार होते आणि तिथं बायका कुंड्या ठेवत. नायिका तिथं शिवत बसली आहे, चौकटीवरची फट बुजत आली आहे हे तिच्या लक्षात येतं, म्हणजे घर आता बसलं, आणि आपण इथं वर्षभर टिकलो. असा एक तपशील घटनेचं काम करतो, आणि लेखकाला आतलं माहीत आहे याची खात्री पटते.

गाणी आणि वचनं यांची तपासणी तर अगदी सोपी, तरी राहून जाते. 1870 च्या दशकातलं इंग्रजी बोलणारं प्रॉटेस्टंट कुटुंब 1611 चं किंग जेम्स बायबलच वाचणार. सुधारित नवा करार 1881 मध्ये आला आणि आजच्या सोप्या भाषेतली रूपं त्याच्या कितीतरी नंतरची. 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द 1779 चे, पण आज कानात असलेली चाल त्यांना 1835 मध्ये जोडली गेली. 'इट इज वेल' हे गीत होरेशिओ स्पॅफर्ड यांच्या चार मुली 1873 मध्ये समुद्रात बुडाल्यानंतरचं आणि त्याची चाल 1876 ची. 1874 च्या दफनविधीत ते गाता येणार नाही. 'ओल्ड रग्ड क्रॉस' 1913 चं. पोस्टाचंही असंच: 1874 मध्ये अर्ध्या औंसाच्या पत्राला 3 सेंट, आणि 1873 पासून एका सेंटात उघडं पोस्टकार्ड. पोस्ट दुकानातच असल्यानं ते सगळा गाव वाचणार. लाजाळू नायकानं पैसे वाचवायला कार्ड टाकलं, एवढ्यावर एक सुंदर प्रसंग उभा राहतो.

मराठी वाचकाच्या हाताशी या काळाचा एक अव्वल साक्षीदार आहे. पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाला पोचल्या, 1888 च्या अखेरपर्यंत अमेरिकाभर फिरल्या, आणि 1889 मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध केलं. घरं, चर्चचे पंथ, बायकांचं शिक्षण, त्यांच्या संस्था, दारूबंदीची चळवळ हे सगळं त्यांनी मराठीत मांडलं आहे. त्या स्वतः ख्रिस्ती, विधवा, एका मुलीची आई, आणि भक्तीनं भारावून जाऊनही डोळे उघडे ठेवणाऱ्या. दारूबंदीवाल्या स्त्रियांबद्दल त्यांना फार आदर होता. 1873 च्या नाताळात ओहायोतल्या हिल्सबरो गावी बायका चर्चमधून निघून दारूच्या दुकानांपुढं बर्फात गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या, त्यातून पुढं ही चळवळ उभी राहिली. दुकानाच्या आत उभा असलेला तरुण मालक आणि बाहेर गुडघे टेकलेली त्याची बालमैत्रीण, ही कथा कुणीतरी नीट लिहायला हवी. मूळ अमेरिकी लोकांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्यायही रमाबाईंच्या नजरेतून सुटला नाही.

या कथाप्रकाराच्या नजरेतून मात्र तो फार काळ सुटत राहिला. 160 एकर रिकामे होते, कारण ते रिकामे केले गेले होते. नेब्रास्कात लूप नदीकाठचे पॉनी जमातीचे मूळ लोक 1870 च्या दशकाच्या मध्यात दक्षिणेला इंडियन टेरिटरीत (आजच्या ओक्लाहोमात) गेले. राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या धोरणानुसार त्या काळात मूळ लोकांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी एजन्सी चर्चच्या पंथांकडे सोपवल्या होत्या, पॉनींची एजन्सी क्वेकर पंथाकडे. म्हणजे या अन्यायात सद्हेतूनं आलेली ख्रिस्ती माणसंही गुंतलेली होती. पश्चात्ताप हा ज्या कथेचा गाभा, तिनं या बाजूला पाठ फिरवावी हे मला पटत नाही. निदान नायिकेच्या नांगराला कुणाच्या तरी चुलीचे दगड लागावेत, आणि तिनं ते बाजूला काढताना थबकावं.

आणि सर्वांत मोठं, जवळजवळ अस्पर्श राहिलेलं दालन म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांचं. गुलामांच्या लग्नाला कायद्यात किंमत नव्हती. मालकानं एकाला विकलं की संसार संपला. 1865 नंतर हजारो जोडपी फ्रीडमेन्स ब्युरो या मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याच्या अधिकाऱ्यांपुढं, पाळकांपुढं आपली जुनी लग्नं नोंदवायला आली. ज्यांचा जोडीदार सापडत नव्हता ते चर्चच्या वर्तमानपत्रांत जाहिरात देत. फिलाडेल्फियाच्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर'मध्ये अशा जाहिराती सतत येत. न्यू ऑर्लिन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन अॅडव्होकेट'नं 1877 पासून त्यांच्यासाठी 'लॉस्ट फ्रेंड्स' नावाचं सदरच चालवलं. वर्गणीदार नसलेल्यांना 50 सेंट पडत, आणि पाळकांनी हे मजकूर व्यासपीठावरून वाचून दाखवावेत अशी विनंती छापलेली असे. आईचं नाव, जुन्या मालकाचं नाव, कोणत्या गावी विकलं, शेवटचं कधी पाहिलं, एवढ्या ओळींत सगळं मावायचं.

1877 मध्येच केंटकीहून निघालेल्या काळ्या कुटुंबांनी कॅन्ससच्या माळावर निकोडिमस हे गाव वसवलं आणि पहिला हिवाळा जमिनीत खणलेल्या घरांत काढला. त्या गावातली एक बाई घ्या, मेहनतीनं जमीन धरलेली, वीस वर्षांपूर्वी नवरा विकला गेलेली, आणि आता एका भल्या विधुराला होकार द्यायच्या बेतात. रविवारी उपासनेत पाळक जाहिराती वाचतात, आणि पाचव्या जाहिरातीतल्या मालकाचं नाव तिच्या ओळखीचं निघतं. तिचा नवरा जिवंत आहे, टेक्सासात आहे, तिला शोधतो आहे. ब्युरोच्या अधिकाऱ्यांपुढं आणि मंडळींपुढं असे प्रश्न खरोखरच येत: दोन जोडीदारांपैकी देवापुढं खरा कोणता? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी उत्तरं दिली गेली. मुलं असलेल्या संसाराला कुठं झुकतं माप, कुठं पहिल्या शपथेला. इथं लेखकाला सुखान्त द्यायचाच असेल तर आधी ठरवावं लागतं की तो कुणाचा, आणि उरलेल्या माणसाला शेवटच्या पानावर काय द्यायचं. ते विधुराचं पान लिहिता आलं तरच ही कथा हाती घ्यावी.